साडूभाऊंना दम लागला

तीस वर्षं दिल्लीत राहून हिंदीचा एक शिंतोडाही अंगावर उडू न दिलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं मोठं अवघड असतं. भाऊ म्हणावं तर रक्ताचं काही नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. एकाच सासऱ्याने दोनदा केलेली चूक, एवढंच काय ते दोघांतलं साम्य. आमच्या सासूबाईंच्या मते तर चूक एकदाच झाली होती, ती म्हणजे दुसऱ्यांदा. थोरले जावई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांच्या टेबलावर घंटी होती आणि ती वाजवली की खरोखर कोणीतरी यायचं. मी पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीत होतो, जिथे घंटी वाजली की मलाच जावं लागे. ते मला 'धाकटे' म्हणत आणि मी त्यांना 'साडूभाऊ'. जमनापार, म्हणजे यमुनेच्या पलीकडे, मयूर विहारमध्ये सहकारी सोसायट्यांचे फ्लॅट उभे राहू लागले तेव्हा त्यांच्याच आग्रहाने मी त्यांच्या सोसायटीत घर घेतलं. ते तिसऱ्या मजल्यावर, मी समोरच्या ब्लॉकमध्ये तळमजल्यावर. लिफ्ट दोन्हीकडे नव्हती. घर लागल्याच्या दुसऱ्या महिन्यात ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले, कारण बाकी कोणालाच व्हायचं नव्हतं, आणि तेव्हापासून सगळ्या सोसायटीला त्यांची हिंदी ऐकावी लागली.

त्यांचा सिद्धांत साधा होता. हिंदी अशी काही वेगळी भाषा नाहीच. ती मराठीच आहे, फक्त उत्तरेच्या थंडीने आखडलेली. तिला 'है' लावून जरा शेकलं की झालं. "अहो, लिपी तीच, शब्द तेच. शिकायचं काय त्यात?" असं ते म्हणत, आणि बोलतही अशा आत्मविश्वासाने की समोरच्या अस्सल दिल्लीवाल्याला आपलीच हिंदी कच्ची राहिली की काय अशी शंका यावी. सकाळी खाली भाजीची गाडी आली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून आवाज यायचा, "रुको! मैं खाली आता है!" भाजीवाला वर बघून हात जोडायचा, "खाली मत आओ बाबूजी, झोला लेके आओ!" यावर साडूभाऊ चिडायचे की खाली यायला याची हरकत काय म्हणून. एकदा त्यांना सीताफळं खावीशी वाटली. त्यांनी मंडईत माणूस पाठवला, "चांगला मोठा सीताफल लाना." आता दिल्लीत सीताफल म्हणजे लाल भोपळा. त्याने इमानाने सात किलोचा भोपळा आणला. दुसरा कोणी असता तर कपाळावर हात मारून मोकळा झाला असता. साडूभाऊंनी तो भोपळा टेबलावर ठेवून घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, म्हणाले, "इकडची सीताफळं मोठी असतात." नंतर आठ दिवस ते घर भोपळ्याची भाजी, भरीत आणि घारगे खात होतं. साडूभाऊ प्रत्येक घासाला म्हणायचे, "बिया कमी आहेत, हे एक बरं."

त्यांच्या समोरच्या दारात खन्नाजी राहत. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, छाती अजून पुढे, गळ्यात शिटीची सवय इतकी की शिटी नसतानाही हात गळ्याकडे जायचा. ते स्कूटर वर आणता येत नाही म्हणून जिन्याच्या तोंडाशी आडवी लावत. साडूभाऊ एक दिवस गंभीरपणे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "खन्नाजी, आपका स्कूटर देखके मुझको रोज राग आता है."

खन्नाजींचा चेहरा खुलला. "स्कूटर देखके? वाह जी! कौन-सा?"

"कौन-सा म्हणजे? भयंकर!"

खन्नाजी विचारात पडले. "भैरव तो सुना है जी," ते नम्रपणे म्हणाले, "भयंकर नहीं सुना. किसी दिन सुनाइए ना." आणि त्या रविवारी ते खरोखर चटई, बायको आणि ताटभर पकोडे घेऊन गाणं ऐकायला आले. साडूभाऊंनी पकोडे खाल्ले. स्कूटर पुढेही तिथेच लागत राहिली, पण त्या दिवसापासून दोन्ही घरांतली दारं दिवसभर नुसती लोटलेली असत, कडी कोणी लावत नसे.

हिंदीत त्यांची चूक दाखवायची हिंमत फक्त एका व्यक्तीने केली. दुसऱ्या मजल्यावर नागपूरच्या एक सिस्टरबाई राहायच्या, सरकारी इस्पितळात स्टाफ नर्स. साडूभाऊंनी फळ्यावर सूचना लिहिली होती, 'सब सभासदों को कळवते हैं कि जिने में चप्पल काढना मना है.' हिंदीत काढणं म्हणजे कशिदा काढणं. जिन्यात बसून चपलांवर वेलबुट्टी कोण भरतंय, याची सोसायटीत दोन दिवस चर्चा होती. तिसऱ्या दिवशी कोणीतरी लाल पेनने 'काढना' खोडून वर 'उतारना' लिहिलं. ते कोणी, हे शोधायला साडूभाऊंना वेळ लागला नाही, कारण सिस्टरबाईंनीच जिन्यात सांगितलं, "काकाजी, मी सुधरवून ठेवलं बरं का." त्यानंतर सहा महिने काकाजी त्यांच्याशी बोलले नाहीत. समोरून आल्या की ते भिंतीवरचे विजेचे मीटर वाचू लागायचे.

हिंदीसारखंच त्यांचं स्वतःच्या शरीराशी होतं. तेही आपल्याला कळतंच, शिकायचं काय, असा खाक्या. आजारपण म्हणजे टेबलावर आलेली फाइल, असं ते मानत. "लगेच उघडायची नसते, धाकटे. दुसऱ्या फायलींच्या खाली सरकवायची. निम्मी प्रकरणं आपोआप मिटतात." मी अशा माणसाशी वाद घालत नसे. एकतर ते थोरले, आणि दुसरं म्हणजे मी स्वतः शिंक आली तरी डॉक्टरकडे धावणारा, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन नव्हतं.

त्याच सुमारास घरोघर केबल आली. एका चॅनेलचे चाळीस झाले आणि साडूभाऊंना त्यांतल्या अडतिसांवर मुंग्या दिसू लागल्या. केबलवाल्यावर विश्वास नाही म्हणून ते स्वतः स्टुलावर चढून बाल्कनीतली वायर ओढायला गेले. वायर आली, स्टूल गेलं. घोट्याचं हाड मोडलं आणि गुडघ्याखाली प्लास्टर बसलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोटं हलवत राहा, मांडीचे व्यायाम करा, पाय सुजला किंवा ठणकला तर लगेच या. व्यायामाचं नाव ऐकताच खन्नाजींच्या अंगात शाळा संचारली. रोज सकाळी आठला ते समोरून येत आणि कमरेवर हात ठेवून उभे राहत. "चलो जी, उँगलियाँ हिलाओ! पड़े मत रहो! दम लगाओ!" साडूभाऊ अंगठा एकदा हलवत आणि चहा मागवत. मग दिवसभर वेताच्या खुर्चीत, प्लास्टरचा पाय वेताच्या बुटक्या मुढ्यावर टाकून, ते बाल्कनीतून सोसायटी चालवत. तिसऱ्या आठवड्यात ते अक्कांना म्हणाले की पोटरी जरा ठणकते आहे. अक्का म्हणाल्या, डॉक्टरांना फोन करू. "सोमवारी जायचंच आहे," साडूभाऊ म्हणाले. फाइल खाली सरकली.

सोमवारच्या आधी रविवार आला. जानेवारीचा शेवट होता, धुकं उशिरा विरलं होतं. अक्का आणि माझी बायको फरीदाबादला एकांकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दोन बस बदलायच्या म्हणून सकाळीच निघाल्या. जाताना अक्कांनी मला सांगितलं, "तासातासाने डोकावून या हं, त्यांना उठता येत नाही." मी "बिल्कुल!" म्हणालो. खरं सांगायचं तर मी एकदाही डोकावलो नाही. अंगणात ऊन आलं होतं, हातात वर्तमानपत्र होतं, आणि माझा फोन माझ्या मुलीने मैत्रिणीशी बोलायला अडवून ठेवला होता. अकराच्या सुमाराला मी दही आणायला दुधाच्या बूथवर गेलो, एवढीच काय ती माझी हालचाल.

बूथवर खन्नाजी भेटले. मोठ्या खुशीत होते. "मुबारक हो! आपके साढ़ू साहब सुधर गए!"

"का, काय झालं?" मी गडबडीत मराठीतच विचारलं.

"अभी फ़ोन आया उनका. बोले, खन्नाजी, मुझे एकदम दम लगा है! हाँफ रहे थे जी, इतना दम लगा रहे थे! मैंने कहा, शाबाश, और लगाओ! तीन बार बोले, दम लगा है, दम लगा है. फिर फ़ोन रख दिया. ऐसा जोश!"

मी हसलो. नुसता हसलो नाही, बूथच्या कठड्याला धरून हसलो. हातातला दह्याचा मातीचा कुल्हड कलंडला आणि निम्मं दही माझ्या स्वेटरवर आलं, तरी हसू थांबेना. बिचाऱ्या साडूभाऊंना मराठीत दम लागला होता आणि पी.टी. मास्तरांनी तो हिंदीत ऐकला होता! मी खन्नाजींना समजावून सांगू लागलो, "अहो, म्हणजे, उनका मतलब था, हमारे यहाँ दम लगना मतलब साँस फूलना. सीढ़ी-वीढ़ी चढ़के आदमी को जैसे..."

आणि इथे माझं वाक्य अडलं. जिना चढून. साडूभाऊ कुठला जिना चढले होते? तीन आठवडे तो माणूस खुर्चीत होता. दम लागायला माणूस काहीतरी चढलेला तरी हवा.

खन्नाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग आम्ही धावलो. साठीतले खन्नाजी माझ्या पुढे होते, हे इथे नमूद करून ठेवतो.

दार लोटलेलं होतं. साडूभाऊ खुर्चीत पुढे झुकून बसले होते, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले. अंगावर शाल, बाहेर थंडी, आणि कपाळावर घामाचे थेंब. ओठांचा रंग गेला होता, जांभळट राखेसारखा झाला होता. मीही तीन जिने धावत चढल्यामुळे धापा टाकत होतो, त्यामुळे पहिलं अर्धं मिनिट आम्ही दोघं एकमेकांसमोर नुसते फुसफुसत होतो. मग माझा दम हळूहळू खाली आला. त्यांचा येईना.

"काही... नाही," ते म्हणाले. "वात... असेल. जरा दम... खाल्ला... की..." ज्या माणसाचं एक वाक्य संपेपर्यंत चहा गार व्हायचा, तो दोन शब्दांवर थांबत होता.

आता मी कसा वागलो ते सांगतो, म्हणजे माझ्यावर कोणी कधी अवलंबून राहणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओवा शोधू लागलो. ओव्याच्या डब्यात मोहरी निघाली, मोहरीच्या डब्यात शहाजिरं. खन्नाजी त्यांच्या घरून सोड्याची बाटली घेऊन आले. गॅस, ते म्हणाले, गॅस ही चीज अशी असते की माणसाला मरण आल्यासारखं वाटतं, एक ढेकर आली की सब ठीक. साडूभाऊंनी हात हलवून आम्हाला दोघांनाही नको म्हटलं. "बायका... येऊ दे," ते म्हणाले. बायका संध्याकाळी यायच्या होत्या. आणि मी, देव मला क्षमा करो, घड्याळाकडे बघून मनात म्हणालो, संध्याकाळ म्हणजे फार लांब नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काय झालं जी? एवढे धाडधाड कोण पळून राहिले जिन्यात?" सिस्टरबाई होत्या. रात्रपाळी करून नुकत्या झोपल्या होत्या. आमच्या पायांच्या आवाजाने उठून स्वेटर उलटा घालून वर आल्या होत्या. साडूभाऊंनी सवयीने मान दुसरीकडे वळवली. इथे मीटर नव्हते, म्हणून कॅलेंडरकडे बघू लागले.

"काकाजी, इकडं पाहा माझ्याकडं," सिस्टरबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी नाडी धरली, ओठ पाहिले, नखं पाहिली. "बसल्या बसल्याच लागला न दम? एकदम? केव्हापासून?"

साडूभाऊंनी एक बोट वर केलं.

"एक तास?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. "छातीत दुखते? श्वास घेतला का टोचते?" साडूभाऊंनी बरगडीवर हात ठेवला. मग सिस्टरबाईंनी शाल बाजूला केली आणि प्लास्टरचा पाय पाहिला. बोटं फुगून तकतकीत झाली होती, गुडघ्याच्या वरही सूज होती. "हे केव्हापासून ठणकते?"

"सोमवारी... जाणारच..." साडूभाऊ म्हणाले.

सिस्टरबाई उठल्या. आवाज चढला नाही, पण खोलीतला सेक्रेटरी बदलला. "सोमवार-गिमवार काही नाही. आत्ता न्यायचं. भाऊ, ते डबे ठेवा तिकडं. काही पाजू-खाऊ घालू नका. आडवं करू नका, असंच बसवून न्या, आणि एक पाऊल चालू देऊ नका."

"पण गॅस असला तर?" मी विचारलं. मला अजून ओवा सापडायचा होता.

"असला तर डॉक्टर सांगतील अन् परत आणू, काय बिघडलं? जिना चढून दम लागला, थांबल्यावर उतरला, ते वेगळं भाऊ. हा बसल्या जागी लागला, एकदम लागला, उतरून नाही राहिला. बोलता येत नाही, ओठ निळे पडले, छाती दुखते. यातलं एक जरी असलं तरी माणसानं घरी बसून विचार करायचा नसते. अन् इथं तर प्लास्टरचा पाय सुजला आहे. पायात रक्ताची गाठ होते, कधी कधी ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण तसं असलं तर?"

मी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी बाहेर गेली आहे, आली की पाठवू, असं उत्तर मिळालं. "वाट नाही पाहायची," सिस्टरबाई म्हणाल्या, "जे आधी मिळेल ते." खन्नाजींच्या मुलाने महिन्यापूर्वीच नवी पांढरी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, आत बसायचं तर चपला बाहेर ठेवाव्या लागत. खन्नाजींनी किल्ली आणली, खाली जाऊन पुढची सीट मागे सारली आणि सगळं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. मी ते वरून पाहिलं. स्कूटरबद्दलचा आमचा सगळा राग त्या क्षणी मिटला.

साडूभाऊंना मात्र जायचं नव्हतं. मला वाटलं भीतीने, पण भीती वेगळीच होती. त्यांनी माझी बाही ओढली. "सगळे... बघतील," ते म्हणाले. तीस फ्लॅटांचा सेक्रेटरी खुर्चीत बसून, प्लास्टरचा पाय पुढे करून, चार माणसांच्या हातून खाली उतरणार, आणि बाल्कन्यांत रविवारची सगळी सोसायटी ऊन खात बसलेली. सिस्टरबाई म्हणाल्या, "पाहू द्या न काकाजी. पाहतील अन् विसरतील." मग आम्ही खुर्ची उचलली. पुढे खन्नाजी आणि खालचे एक बंगाली बाबू, मागे मी आणि वॉचमन. पहिल्या वळणावर खुर्ची तिरकी झाली, माझे हात सुटायला आले, आणि खन्नाजींच्या तोंडून चाळीस वर्षांच्या सवयीने आरोळी निघाली, "दम लगाओ! दम लगाओ!"

खुर्चीतून क्षीण आवाज आला, "लागलाय... हो... केव्हाचा."

त्या जिन्यात, त्या वेळी, मी पुन्हा हसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होतो. खुर्ची सोडली नाही, एवढंच.

इस्पितळाच्या इमर्जन्सीत चाकाची खुर्ची मिळाली, आणि एक तरुण डॉक्टर धावत आला. त्याने वाकून विचारलं, "बाबूजी, क्या तकलीफ़ है?" मी पुढे होऊन सांगणार होतो. सिस्टरबाईही तोंड उघडत होत्या. पण साडूभाऊंनी हात वर केला. सेक्रेटरी असेपर्यंत निवेदन त्यांनीच करायचं. ते डॉक्टरकडे बघत राहिले, शब्द शोधल्यासारखे. मग हळू, एकेक अक्षर सुटं करून, म्हणाले, "साँस... नहीं... आ रही."

एकही चूक नव्हती. लिंग बरोबर, क्रियापद बरोबर, चंद्रबिंदूसुद्धा जागच्या जागी. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून अशी हिंदी मी ऐकली नव्हती. म्हणजे त्यांना ती येत होती. कदाचित पहिल्यापासून येत असेल. त्यांचे निळे ओठ जे सांगू शकले नव्हते ते त्या बिनचूक वाक्याने सांगितलं. साडूभाऊंना खरोखर भीती वाटते आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्यांना आत नेलं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला, तपासण्या झाल्या, इंजेक्शनं सुरू झाली. सिस्टरबाई म्हणाल्या होत्या तेच निघालं. डॉक्टर फार बोलला नाही. "अच्छा किया, इंतज़ार नहीं किया," एवढंच म्हणाला. मी मान खाली घातली, कारण संध्याकाळचा हिशेब फक्त मलाच माहीत होता. अक्का आल्या त्या हळदीकुंकवाच्या साडीतच. हातातल्या पिशवीत वाणाची स्टीलची वाटी आणि तिळगुळाची पुडी होती. त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस साडूभाऊ काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्स इंजेक्शन द्यायला आत गेली आणि आतून ऐकू आलं, "हळू टोचो! कल का अभी दुखता है!" अक्का बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि रडत रडत हसू लागल्या. "उतरला हो यांचा दम," त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर पुढे कितीतरी महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या होत्या, दर काही दिवसांनी तपासणी होती. ती फाइल मात्र साडूभाऊंनी कधी कशाखाली सरकवली नाही. टेबलावर सगळ्यांत वर ठेवली. फळ्यावर त्यांनी नवी सूचना लिहिली, कुणाला बसल्या जागी अचानक दम लागला, छातीत दुखलं, ओठ काळेनिळे पडले, चक्कर आली, तर सेक्रेटरीची परवानगी न घेता ताबडतोब इस्पितळ गाठावं. लिहून झाल्यावर ते कागद घेऊन स्वतः दुसऱ्या मजल्यावर गेले आणि लाल पेन पुढे करून म्हणाले, "बघा हो, काही राहिलं असेल तर." सिस्टरबाईंनी एकोणीस ठिकाणी लाल केलं. त्यांनी एकोणीसही मान्य केले, आणि वर चहा घेऊन आले.

ते त्यानंतर दहा-बारा वर्षं होते. निवृत्त झाल्यावर पुण्याला मुलाकडे गेले, तिथे सगळे मराठीच बोलतात म्हणून फार कंटाळले, आणि तिथेच गेले. पण मला ते आठवतात ते त्या वर्षीच्या फाल्गुनातले. प्लास्टर निघालं होतं. आम्ही दोघं गच्चीवर चटई टाकून उन्हात बसलो होतो. मी मटार सोलत होतो. माझ्या मनात एक गोष्ट महिनाभर खुपत होती आणि ती सांगायला मला धीर होत नव्हता. त्यांनीच विचारलं.

"धाकटे, खन्नाजींनी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही हसलात का हो?"

खोटं बोलायची माझी फार इच्छा होती. "हसलो," मी म्हणालो.

"किती?"

"स्वेटरवर दही सांडेपर्यंत."

त्यांनी चटईवरची टरफलं एका बाजूला सारली. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "आणि त्या आधी डोकावलातही नाहीत. आमच्या हिने सांगितलं होतं तुम्हाला."

"नाही डोकावलो."

"हं," ते म्हणाले. मग त्यांनी ताटातले सोललेले मटार उचलून तोंडात टाकले. "हसलात ते बरं झालं. गंभीर माणूस असतात तर 'अच्छा, अच्छा' म्हणून दही घेऊन घरी गेला असतात."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर काहीतरी भलतंच बोललो असतो, आणि साडू लोकांत ते बरं दिसत नाही. थोड्या वेळाने ते आडवे झाले, तोंडावर वर्तमानपत्र घेतलं, आणि त्यांना झोप लागली. कागद वर उचलला जात होता, खाली बसत होता. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि त्यांचे श्वास मोजू लागलो. एक मिनिट पूर्ण झालं. सगळं ठीक होतं. मी हात खाली घेतला, आणि तरी मोजत राहिलो.